बांध-पाचट पेटवण्याचे नियम आणि गावाचं स्वतःचं आग विझवणारं पथक: कुणी केलंय का?

शिवारकर_मोहोळ
राम राम मंडळी.
गेल्या आठवड्यात आमच्या शिवारात एका गड्याने भर दुपारी खोडव्याचं पाचट (ऊस तोडल्यावर रानात उरलेला वाळका पाला) पेटवलं आणि तो जेवायला घरी गेला. वारं सुटलं. तासाभरात दोन शेजाऱ्यांचा तोडणीला आलेला ऊस, एकाचं अख्खं ठिबक आणि एका म्हातारीची कडब्याची गंज गेली. तालुक्याहून गाडी निघाली, पण कॅनॉलच्या अरुंद पुलावर अडली आणि पुढं पाणंदीत चाक रुतलं. माणसं पोचली तेव्हा फक्त ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटत होत्या. त्यांना बोल लावून उपयोग नाही, रस्ताच तसा आहे.

आता ग्रामसभेत दोन विषय आहेत. एक, शिवारात पेटवायचं असेल तर काही नियम करायचे. दोन, गावातल्या पोरांचं आग विझवायला पथक करायचं. पहिल्यावर भांडणं झाली. दुसऱ्यावर टाळ्या पडल्या, पण पैशाचं नाव काढलं की सगळे छताकडं बघायला लागले. तुमच्याकडं असं काही चालतं का? नियम कुठले ठेवले? सामान काय घेतलं?

का_बे_सोलापूर
नियम एकच ठेवा: पेटवणाऱ्याने जेवायला जायचं नाही.

भीमाकाठ
मुळात पेटवायचंच कशाला? हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि तीस-चाळीस टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ते काडीपेटीने उडवायचं आणि मग पोत्याने खत आणायचं. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं, थोडी माती लावली, की पावसाळ्यापर्यंत भुसभुशीत होतं. बुडखे मात्र जमिनीलगत छाटून घ्या, नाहीतर फुटवा वरून येतो. आमच्याकडं कित्येक वर्षं काडी लावलेली नाही.

रांजणीचा_पाटील
भीमाकाठ, तुमचं ठिबक आहे म्हणून हे बोलणं सोपं आहे. आमचं काळं रान, पाटपाणी. सरीत पाचट असलं की पाणी पुढं सरकतच नाही. दारं धरणारा गडी म्हणतो, पाचट काढा नाहीतर मी येत नाही. वर त्यात उंदीर, उंदरामागं साप. रात्रीच्या लायटीत पायाखाली काय आहे दिसत नाही. कुट्टी मशीनला नंबर लावावा तर हंगामात मिळत नाही. जाळणारा काय मजा म्हणून जाळतो का?

भीमाकाठ
पाटील, रास्त आहे. एका सरीआड पाचट ओढा. मोकळ्या सरीतनं पाणी द्या, भरलेल्या सरीत ओल आपोआप जाते. पाणी कमी लागतं हे तुम्हालाच दिसेल. सापाचं खरं आहे, त्यावर माझ्याकडं बॅटरी आणि गमबूट सोडून उपाय नाही.

हुरडा_पार्टी
नियम करा पण आगटीवर बंदी आणू नका! शेण्यांचा जाळ, त्यात कणसं, वर शेंगाची चटणी... हे जर 'उघड्यावर ज्वलन' ठरलं तर मी जिल्हा सोडीन.

का_बे_सोलापूर
@हुरडा_पार्टी आगटी खड्ड्यात असते, राखण करायला दहा जण बसलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष तिथंच असतं. जिल्ह्यातली सगळ्यात सुरक्षित आग तीच बे.

मंगळवेढेकरीण
कडब्याची गंज गेली हे वाचून पोटात तुटलं. ऊस निदान जळीत म्हणून कारखान्याला जातो, कडब्याची फक्त राख होते. मालदांडी ज्वारीचा कडबा हे जनावरांचं वर्षभराचं जेवण. आमच्या सासऱ्यांनी एक शिस्त लावलेली आहे, ती लिहिते. सगळा कडबा एका गंजीत रचायचा नाही, दोन किंवा तीन करायच्या आणि दोन्हींत बैलगाडी वळेल एवढं अंतर. विजेच्या तारेखाली गंज लावायची नाही. उन्हाळा लागला की गंजीभोवती वखर फिरवून गवत-धस काढून मातीचं कडं करायचं. जाऊबाई म्हणायच्या, मामंजी गंजीभोवती रांगोळी काढतात. मागच्या साली शेजारचा बांध पेटला, जाळ त्या कड्यापाशी आला आणि थांबला.

शिवारकर_मोहोळ
ताई, वखराचं कडं लिहून घेतलं. म्हातारीला गावातनं पेंढ्या गोळा करून दिल्या, तेवढं तरी झालं.

काळाकोट
कायद्याचं थोडं सांगतो, कारण ग्रामसभेत 'कायद्यात काही नाही' असं कुणीतरी ठोकून देणारच.

कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा इजा पोचेल अशा बेफिकिरीने आग हाताळली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्दाम दुसऱ्याचं पीक पेटवलं तर ३२६ खाली सात वर्षांपर्यंत जातं. कचऱ्याचं वेगळं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. दंड ५ हजार, मोठ्या प्रमाणात असेल तर २५ हजार.

आता व्हॉट्सॲपवर फिरणारं 'एकराप्रमाणे दंड' प्रकरण. ते दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान या पट्ट्यातल्या भाताच्या काडासाठी आहे. सोलापूरच्या पाचटाला ते दर चिकटवू नका. आपल्याकडं जिल्हाधिकारी वेळोवेळी आदेश काढू शकतात, तो निघालाय का हे तहसीलला विचारा.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नाही. पण पेटवण्याआधी शेजाऱ्याला कळवायचं असा ठराव असताना एखाद्याने कळवलं नाही, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याची बेफिकिरी दाखवायला तो कागद कामाला येतो. आणि पीकविम्यावर विसंबू नका. त्यात वीज पडून लागलेल्या नैसर्गिक आगीला जागा आहे, शेजाऱ्याच्या काडीपेटीला नाही.

रांजणीचा_पाटील
वकीलसाहेब, आणि तारांचं काय? आमच्या भागात उसाला लागणाऱ्या आगीतल्या कितीतरी तारांनी लागतात. झोळ पडलेल्या तारा, वारं आलं की एकमेकींना घासतात, ठिणगी खाली पडते. शेतकऱ्याला नियम आणि खांब वाकडा ठेवणाऱ्याला काय?

काळाकोट
भरपाई मिळते, पण कागद त्याच दिवशी गोळा केले तर. तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांचा पंचनामा, वीज कंपनीच्या शाखा अभियंत्याला लेखी अर्ज आणि पोच, आणि सगळ्यात महत्त्वाचं विद्युत निरीक्षकाचा अहवाल. तारांचा फोटो आग विझायच्या आधी काढा, दुसऱ्या दिवशी तारा ताणलेल्या असतात. झोळ पडलेला दिसला की आधीच लेखी तक्रार देऊन ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

टेंभुर्णी_ते_टेक्सास
मूळचा माढा तालुक्यातला, सध्या टेक्सासच्या ग्रामीण भागात. तारांचा विषय निघाला म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे राज्याच्या उत्तर टोकाला दहा लाख एकरांहून जास्त गवताळ रान जळालं. कारण काय, तर कुजलेला विजेचा खांब पडला. तेव्हा हे दुखणं फक्त आपलं नाही.

पथकाबद्दल. अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांपैकी साधारण दोन-तृतीयांश बिनपगारी स्वयंसेवक आहेत, गावाकडं तर बहुतेक सगळेच. आमच्या इथल्या पथकात शाळेचा बसड्रायव्हर, गॅरेजवाला, एक निवृत्त बाई असे लोक आहेत. फोन वाजला की हातातलं काम टाकून निघतात. पैसा काही करातून, काही अनुदानातून, बाकी बार्बेक्यूची ताटं विकून. हसू नका, एका गाडीचे टायर खरंच तसे आलेत.

आणि पेटवण्याचे नियम. दुष्काळ पडला की काउंटी जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत पेटवण्यावर बंदी लावते, मोडली तर ५०० डॉलरपर्यंत दंड. एरवी परवानगी आहे, पण अटी आहेत: सूर्योदयानंतर तासाभराने सुरू, सूर्यास्ताआधी तासभर संपलेलं, आग पेटती असेपर्यंत जबाबदार माणूस जागेवर. वाऱ्याचा वेग ताशी ६ ते २३ मैल, म्हणजे साधारण १० ते ३७ किलोमीटरच्या मधे हवा. खालची मर्यादा बघून मी चक्रावलो होतो. वारं अगदीच पडलेलं असलं तर धूर जागेवर साचतो, रस्त्यावर उतरतो, म्हणून.

का_बे_सोलापूर
म्हणजे आपण सप्ताहाच्या महाप्रसादात पावती फाडून टायर घ्यायचे. जमतंय की.

रांजणीचा_पाटील
३७ किलोमीटरच्या वाऱ्यात सोलापुरात पाचट पेटवलं तर आग कर्नाटकात विझवावी लागेल. तिथलं माप तिथंच ठेवा राव. आमच्याकडं मार्चपासून अकरानंतर वावटळी उठतात. माझं मत, पेटवायचंच तर सकाळी उजाडता, दव आहे तोवर. नऊच्या आत राख.

टेंभुर्णी_ते_टेक्सास
पाटील, मान्य. आकडा घेऊ नका, पण 'माणूस जागेवर' ही अट घ्या.

माळरान
नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या बाजूने लिहितोय. एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही. माळावरचं गवत 'नवा पाला फुटतो' म्हणून पेटवतात, बांध 'स्वच्छ' करायला पेटवतात. माळढोक, धाविक, तित्तर सगळे जमिनीवर अंडी घालतात. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते. ससा, खोकड पळतात, त्यांची पिल्लं पळत नाहीत. अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० ने गुन्हा आहे, पण अभयारण्य आणि खासगी रानं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की बांधावरची आग हद्द विचारून थांबत नाही. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा, काढतं. गावाने आपल्या बाजूने नांगराची चार तासं मारली तरी केवढं काम होईल.

शिवाय बांधावरचे कडुनिंब. बुंधा एका अंगाने भाजतो, झाड दोन वर्षं तग धरतं आणि मग वादळात आडवं होतं.

हुरडा_पार्टी
बांधावरचे कडुनिंब सावलीने पीक खातात म्हणून मुद्दामच बुंध्याला पाचट लावणारे महाभाग पण आहेत. ते बोलायचं नाही का?

माळरान
बोला की. मी तोंडावर बोलतो म्हणून मला लग्नाच्या पत्रिका कमी येतात.

बार्शीचा_दाजी
आता सामानाचं. आमच्या वाडीवर पथक वगैरे नाव नाही, पण आठ-दहा घरांनी मिळून जे जमवलंय ते सांगतो.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांकडं औषध फवारायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर असतो, ६०० लिटरची टाकी, जास्त दाबाचा एचटीपी पंप, लांबलचक पाइप आणि गन. हीच आपली फायरब्रिगेड. पण तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली: ब्लोअरचा पंखा बंद, फक्त गन. पंखा चालू ठेवून आगीसमोर गेलात तर भात्याने फुंकल्यासारखं होईल. दुसरी: फवारणीनंतर टाकी धुऊन साध्या पाण्याने भरून ठेवायची, फेब्रुवारी ते जून रिकामी उभी करायची नाही. तिसरी: गनचा फवारा आगीच्या शेंड्यावर मारू नका, बुडात मारा. ६०० लिटर बघता बघता संपतं. म्हणून मागं पिण्याच्या पाण्याचा टँकर हवा.

विहीर आहे म्हणून निवांत राहू नका. थ्री-फेज आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आग लागली त्या वेळी लाइट नसेल तर भरलेली विहीर बघत बसायचं. एखादं डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टरवर चालणारा पंप गावात चालू स्थितीत पाहिजेच. ज्यांचे सौर पंप आहेत ते दिवसा उपयोगी पडतात, त्यांची नावं लिहून ठेवा.

बाकी ओली गोणपाटं, कडुनिंबाच्या हिरव्या फांद्या, फावडी. गवताच्या आगीला हे पुरतं. उभ्या उसाच्या आगीला नाही. उसात कुणीही घुसायचं नाही, जाळ माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच जातो आणि वळायला जागा नसते. तिथं एकच काम, पुढचा प्लॉट वाचवायचा: आगीच्या बरंच पुढं जाऊन दोन ट्रॅक्टर लावून रोटा (रोटाव्हेटर) मारून मातीचा पट्टा काढायचा. ट्रॅक्टरचं तोंड कायम बाहेरच्या वाटेकडं.

मुंबैकर_मूळ_अक्कलकोट
आगीला समोरून आग लावायची असं ऐकलंय, ते का नाही करत?

बार्शीचा_दाजी
जाणत्या माणसाने केलं तर चालतं. गर्दीत केलं तर दोन आगी होतात.

निवृत्त_फायरमन
दाजींनी छान लिहिलंय. नोकरीत असताना शिकलेलं थोडं जोडतो.

जळून गेलेल्या बाजूने, म्हणजे काळ्या रानातून पुढं सरकत विझवा. तिथं पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं, पळायची वेळ आली तर मागं जागा आहे. वाऱ्याच्या तोंडी उभं राहायचं नाही. टेरिकॉट, नायलॉन अंगात नको, सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट. चपलेवर आलेल्याला पाणी भरायच्या कामाला लावा. तारा खाली आल्या असतील तर सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून फीडर बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याचा एक थेंब मारू नका.

शेततळ्याचं विसरू नका. प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात घाईत बादली बुडवायला उतरलेला माणूस वर येऊ शकत नाही, कागद शेवाळाने निसरडा असतो. काठाला दोर आणि टायर कायमचे बांधून ठेवा.

तोडकऱ्यांच्या कोप्या पण बघा. पाचटाच्याच भिंती, पाचटाचंच छप्पर, आत चूल, बाहेर लेकरं. दोन कोप्यांत अंतर आणि चूल वाऱ्याच्या आडोशाला, एवढं मुकादमाला सांगायचं काम गावाचं आहे. ती माणसं तुमच्या ग्रामसभेला येत नाहीत.

आणि सगळं झालं तरी १०१ किंवा ११२ ला आधी फोन करा. 'आधी आपण बघू, नाही जमलं तर बोलवू' यात वेळ जातो. शहरात गाडी लवकर पोचली तरी आग सोपी नसते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आठ जीव गेले, ते सगळ्यांनी पाहिलंय.

मंगळवेढेकरीण
काका, कोप्यांचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या रानाशेजारी टोळी उतरते, बायका पहाटे चारला चूल पेटवून तोडीला जातात, लेकरं झोपलेली असतात. मी यंदा पाण्याचं पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या ठेवायला लावल्या. वाळूत पोरं खेळतात, पण चालतंय.

पॉपकॉर्नवाला
धागा पेटलाय, विझवू नका.

रांजणीचा_पाटील
जळीत उसाचं कुणी बोलेना. आग लागली की कारखाना कपात लावतो. वजन घटतं, साखर फुटायला लागते, दिवस-दोन दिवसांत नाही गेला तर उसाचा वास येतो. आणि काही टोळ्यांना जळका ऊस तोडायला सोपा पडतो, पाला कापत नाही. आमच्याकडं एकाने सरळ म्हटलं, 'मालक, पेटवून द्या, लवकर तोडतो.' कपात मालकाच्या बिलातनं, सोय टोळीची. असल्या आगीला तुमचं पथक काय करणार?

भीमाकाठ
काही नाही. ते पथकाचं काम नाही, तोडणी कार्यक्रमाचं आहे. वेळेत तोड मिळाली तर मालक पेटवायला हो म्हणेल कशाला?

शिवारकर_मोहोळ
सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही पाच-सहा जण पारावर बसलो होतो. ग्रामसभेसाठी मसुदा केलाय, बघा.

बंदी नाही. बंदी घातली तर लोक रात्री पेटवतील, ते जास्त वाईट. पेटवायचं असेल तर आदल्या दिवशी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना सांगायचं. उजाडता सुरू, नऊच्या आत बंद. रोटाचा पट्टा मारल्याशिवाय काडी लावायची नाही, आणि पाण्याचा टँकर किंवा ब्लोअर भरलेला जागेवर. राख गार होईस्तोवर माणूस हलणार नाही. वावटळी चालू झाल्या की पोलीस पाटील 'आजपासून बंद' असं ग्रुपवर टाकतील.

पथकाला चौदा पोरं तयार आहेत. दोन ब्लोअरवाले, एक टँकरवाला, बाकी ट्रॅक्टर. डिझेलचं ठरलंय: ज्याच्या रानात आग त्याने द्यायचं नाही, गावाने द्यायचं. नाहीतर गरीब माणूस बोलवायलाच घाबरेल. यावर तासभर वाद झाला. सप्ताहाच्या शिल्लक पैशातून सुरुवात करायची असं म्हाताऱ्यांनीच सुचवलं. (का_बे, तुमचा महाप्रसाद खरा ठरला.)

काळाकोट
मसुदा बरा आहे. 'दंड' हा शब्द टाळलात ते उत्तम. पोरांपैकी कुणी भाजलं तर काय, तेही लिहा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. चौदा जणांचे मिळून २८० रुपये, तेवढे सप्ताहात निघतील. दवाखान्याचा खर्च त्यात येत नाही, त्याला वेगळी तरतूद ठेवा.

निवृत्त_फायरमन
तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात एकदा जाऊन या. कॅनॉलचा पूल अरुंद आहे, दुसरी वाट कुठून, कुठल्या विहिरीपर्यंत जड गाडी जाते, हे कागदावर काढून त्यांच्या भिंतीला लावून या. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तेव्हा त्यांना गावात बोलवा. पोरांना गन कशी धरायची ते दाखवतील, आनंदाने येतात.

रांजणीचा_पाटील
नऊच्या आत हे माझं घेतलंत, बरं वाटलं. एक विचारतो. दोन्ही ब्लोअरवाले एकाच लग्नाला गेले तर किल्ली कुणाकडं?

शिवारकर_मोहोळ
पाटील, याच्यावर पारावर कुणी बोललंच नाही. आज संध्याकाळी विचारतो.

बार्शीचा_दाजी
आमच्याकडं दुसरी किल्ली दूध संकलनावर टांगलेली असते. ते पहाटे पाचला उघडतं आणि गावातला प्रत्येक जण दिवसातनं एकदा तिथं जातोच.